सागा शुद्ध करताना एसपीटी८ दर वेळी हरवते, एसपीटी७ चे दोन बँड दिसतात: दोष कुठे शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा एकच असते. पावाच्या यीस्टमधून, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीमधून, टॅप पद्धतीने, म्हणजे एका उपघटकाला जोडलेल्या दुहेरी टॅगला दोन टप्प्यांत धरून, सागा हे प्रथिनांचे संकुल काढले. प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलला सिल्व्हर स्टेन केल्यावर एसपीटी७ या उपघटकाच्या जागी एकाऐवजी दोन बँड दिसतात, आणि एसपीटी८ फिकट तरी असते किंवा नसतेच. पुढच्या खेपेलाही तेच. मग टॅगला धरणारे बीड्स बदलतात, टॅग कापणारे टीईव्ही प्रोटिएज (प्रथिने कापणारे विकर) नवे मागवतात, मिठाचे प्रमाण वरखाली करतात. बहुतेक वेळा दोष यापैकी कशातच नसतो, कारण घोटाळा पेशी फोडतानाच, किंवा त्याच्याही आधी, झालेला असतो.

सागा हे १९९७ साली ओळखले गेलेले, सुमारे १.८ मेगाडाल्टनचे, १९ उपघटकांचे संकुल आहे. ते हिस्टोनवर ॲसिटिल गट चढवते, एच२बी वरचे युबिक्विटिन उतरवते आणि टाटा-बंधक प्रथिनाला प्रमोटरपाशी पोचवायला मदत करते. दोष शोधताना त्याची रचना लक्षात असलेली बरी, कारण ते एकसंध ठोकळा नाही, भागांनी जोडलेले यंत्र आहे. गाभ्यात एसपीटी७, एसपीटी२०, एडा१ आणि टॅफ५, ६, ९, १०, १२. त्याला लागून एसपीटी३ आणि एसपीटी८. ॲसिटिल भागात जीसीएन५, एडा२, एडा३, एसजीएफ२९. युबिक्विटिन काढणाऱ्या भागात यूबीपी८, एसजीएफ११, एसजीएफ७३, सस१. आणि एका बाजूला ४३३ किलोडाल्टनचे अवाढव्य ट्रा१. म्हणून जेल पाहताना ‘कोणता बँड गेला’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणकोणते बँड एकत्र गेले, ते बघा. निम्मे निदान तिथेच होते.

फक्त एसपीटी८ गेले, एसपीटी७ दुहेरी झाले

हे पेप४ चे काम. पेप४ हे व्हॅक्युओलमधले, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या कप्प्यातले, ॲस्पार्टिक प्रोटिएज. एसपीटी७ ची लांबी १३३२ अमिनो आम्लांची, त्यातला शेवटचा सुमारे १९० अमिनो आम्लांचा तुकडा ते कापते. एसपीटी८ ला संकुलात टिकायला नेमका हाच तुकडा लागतो. तो गेला की एसपीटी८ सुटते, बाकीचे संकुल मात्र शाबूत राहते. उरलेल्या रूपाला स्लिक किंवा साल्सा म्हणतात. ते क्रियाशीलही असते, त्यामुळे ॲसिटिल चाचणी झकास येते आणि प्रयोग बरोबर चालल्याचा भास होतो. फसगत इथेच होते.

मोडतोड जिवंत पेशीतच झाली आहे की नळीत, हे आधी ठरवा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. एसपीटी२०-टॅप स्ट्रेनमध्ये (टॅप एसपीटी२० ला लावलेला) एसपीटी७ च्या सी-टोकाला, म्हणजे शेवटच्या टोकाला, एचए किंवा मिक हा छोटा टॅग लावा, किंवा एसपीटी७ विरुद्धची चांगली अँटिबॉडी असेल तर ती वापरा. एकाच कल्चरचे दोन वाटे करा. पहिल्यात थेट ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल घाला, अंतिम प्रमाण १० ते २० टक्के, आणि मग काचेच्या मण्यांनी फोडा. आम्लात सगळी प्रोटिएजेस जागच्या जागी निकामी होतात, म्हणून हा नमुना पेशीतली खरी स्थिती दाखवतो. दुसरा वाटा नेहमीच्या बफरमध्ये फोडा आणि तो अर्क ४ अंशांवर ठेवून ०, ३०, ६०, १२० मिनिटांनी व रात्रभरानंतर २०-२० मायक्रोलिटर काढून सॅम्पल बफरमध्ये उकळा, आणि सगळे नमुने ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन ओळखण्याची चाचणी) बघा. हीच मालिका पेपस्टॅटिन (पेप४ रोखणारे रसायन) घालून आणि न घालता, दोन्ही प्रकारे करा.

आम्लातल्या नमुन्यात एसपीटी७ अखंड आणि अर्कात वेळेनुसार तुटत जाणारे असेल, तर मोडतोड नळीत होते आहे. आम्लातच तुटलेले दिसले तर पेपस्टॅटिन कितीही ओता, फायदा नाही. तिथे कल्चर आधी काढणे किंवा पेप४ चे जनुकच काढून टाकणे, हेच मार्ग.

सी-टोकाच्या टॅगने अखंड एसपीटी७ वर दिसते आणि कापलेला तुकडा खूप खाली, एचए असेल तर साधारण २५ किलोडाल्टनच्या आसपास. कापल्यावर उरलेला मोठा भाग या ब्लॉटवर दिसणारच नाही, कारण टॅग तुकड्याबरोबर गेलेला असतो. छोटा तुकडाही पुढे पचून जाऊ शकतो. तेव्हा खालचा बँड दिसला नाही एवढ्यावरून ‘कापले नाही’ असे ठरवू नका. वरचा बँड वेळेनुसार कमी होतो का, ते मोजा.

आणखी एक फसवे प्रकरण. टॅपमधला प्रोटीन ए हा भाग बहुतेक अँटिबॉडींच्या बुडख्याला चिकटतो. म्हणजे ब्लॉटवर जवळपास कोणतीही अँटिबॉडी लावा, एसपीटी२०-टॅपचा बँड उमटतोच. टॅप सुमारे २१ किलोडाल्टनचा, एसपीटी२० ६८ चे, तेव्हा हिशेबाने ९० च्या आसपास, पण जेलवर यापेक्षा वरही धावू शकते. टॅप नसलेल्या स्ट्रेनचा अर्क शेजारच्या खाचेत चालवलात तर गोंधळ मिटतो.

प्रोटिएज रोखण्याची गोळी पुरेशी का पडत नाही

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच प्रोटिएज-रोधक गोळ्यांमध्ये सेरीन आणि सिस्टीन प्रोटिएजेससाठी रोधके असतात, ॲस्पार्टिकसाठी नसतात. लेबल वाचा. पेपस्टॅटिन ए त्यात नसेल तर ते वेगळे घालावे लागते. १ मिलिग्राम प्रति मिलिलिटरचा स्टॉक मिथेनॉलमध्ये करा. पाण्यात करू नका, विरघळत नाही, तळाशी बसते आणि आपण वरचे निव्वळ पाणी घालत राहतो. अर्कात अंतिम प्रमाण १ ते २ मायक्रोग्राम प्रति मिलिलिटर.

सेरीन प्रोटिएजेस रोखणाऱ्या पीएमएसएफची गोष्ट उलटी. ते पाण्यात टिकत नाही. २५ अंशांना पीएच ७.५ वर सुमारे ५५ मिनिटांत निम्मे संपते, पीएच ८ वर सुमारे ३५ मिनिटांत. थंडीत जरा जास्त टिकते, पण सकाळी बाटलीभर बफरमध्ये घालून संध्याकाळपर्यंत वापरायचे हा प्रकार व्यर्थ. आयसोप्रोपेनॉलमध्ये १०० मिलिमोलरचा स्टॉक ठेवा, बफर वापरण्याच्या क्षणी १ मिलिमोलर घाला, अर्क स्वच्छ झाल्यावर पुन्हा एकदा घाला. गार बफरमध्ये टाकताच पांढरे कण दिसले तर घाई झाली आहे. ढवळत ढवळत थेंब-थेंब सोडा.

या रोधकांमुळे पुढे टीईव्ही बंद पडेल ही भीती बाळगू नका. टीईव्ही सिस्टीन प्रोटिएज असले तरी पीएमएसएफ, पेपस्टॅटिन, ल्युपेप्टिन यांनी ते थांबत नाही. झिंक आणि एन-इथाइलमॅलेइमाइडने मात्र थांबते. हिस-टॅग शुद्धीकरणातला एखादा झिंकयुक्त बफर चुकून वापरात आला असेल तर तेवढे तपासा.

पेशी कधी काढायच्या, कशा फोडायच्या

ग्लुकोज संपत आले की व्हॅक्युओलमधल्या प्रोटिएजेसची पातळी चढते. म्हणून वायपीडी या नेहमीच्या माध्यमात ६०० नॅनोमीटरला ओडी (कल्चरच्या गढूळपणाचे माप) २ च्या पुढे जाऊ देऊ नका. जास्त माल हवा म्हणून रात्रभर वाढवून ओडी ८ ला काढलेल्या पेशींमधून वजन भरपूर मिळते आणि एसपीटी८ मिळत नाही. माल हवा असेल तर ओडी वाढवण्यापेक्षा फ्लास्क वाढवा. ६ लिटर, ओडी २, हे एका शुद्धीकरणासाठी सोयीचे माप आहे.

काचेच्या मण्यांनी फोडताना व्हॅक्युओल फुटते आणि नळी तापतेही. एक मिनिट व्होर्टेक्स, दोन मिनिटे बर्फ, असे केले तरी सुरुवातीला फुटलेल्या पेशींचे प्रोटिएज शेवटची पेशी फुटेपर्यंत मोकळे असते. द्रव नायट्रोजनचा मार्ग वेगळा: पेशींचा घट्ट गोळा सिरिंजमध्ये भरून नायट्रोजनमध्ये शेवया पाडतात तसा सोडायचा, आणि गोठलेल्या शेवया खलात किंवा बॉल मिलमध्ये दळायच्या. दळताना सगळे घनरूपात असते, त्यामुळे प्रोटिएजला हातपाय हलवता येत नाहीत. खल आधीच नायट्रोजनने थंड केलेला असावा, आणि भुकटी ओलसर वाटायला लागली की थांबून पुन्हा नायट्रोजन ओतावा. चिमूटभर भुकटी बफरमध्ये घेऊन फेज कॉन्ट्रास्टखाली बघा: फुटलेल्या पेशी काळपट, अखंड पेशी चमकदार. ८० टक्के फुटल्या म्हणजे पुरे.

भुकटी कोरडीच वितळू देणे ही इथली सगळ्यात महागडी चूक. बफर आणि रोधके तयार ठेवा, भुकटी त्यात टाका, भुकटीवर बफर नको. एका ग्रॅमला दीड ते दोन मिलिलिटर. बफर असा: ४० मिलिमोलर हेपीस पीएच ७.५, ३५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, १० टक्के ग्लिसरॉल, ०.१ टक्का ट्वीन-२०, आणि वरची रोधके. वितळल्यावर अर्काचा एक थेंब पीएच कागदावर टाकून बघा. पेप४ ला आम्लधर्मी वातावरण मानवते. ७ च्या खाली घसरला असेल तर हेपीस कमी पडले आहे.

त्यानंतर १,००,००० जी ला एक तास फिरवा. वर स्निग्धांशाची पांढरट साय जमते. पिपेट तिच्याखाली नेऊन मधला थरच घ्या. साय आत आली की बीड्स चिकट होतात आणि पार्श्वभूमी वाढते. टॅगमधल्या प्रोटीन ए ला धरणाऱ्या आयजीजी बीड्ससोबत २ ते ३ तास पुरतात. रात्रभर ठेवून उत्पन्न थोडे वाढते, पण प्रोटिएजला रात्रभर वेळही मिळतो.

पेप४ काढून टाकणे

रोज सागा काढायचे असेल तर हा कायमचा इलाज. पण यातही दोन खड्डे आहेत.

पहिला मार्करचा, म्हणजे बदल झालेल्या पेशी निवडायच्या जनुकाचा. टॅप स्ट्रेनमध्ये टॅगसोबत बहुधा एचआयएस३ मार्कर असतो. प्रोटिएज नसलेल्या काही प्रचलित जुन्या स्ट्रेन्समध्ये पेप४ च्या जागी एचआयएस३ च घातलेले आहे, तेव्हा त्यांत हा टॅग निवडताच येत नाही. सोपे म्हणजे पेप४ कॅनएमएक्सने (जी४१८ या प्रतिजैविकाला न जुमानणारा मार्कर) काढलेल्या स्ट्रेनमधून दोन्ही बाजूंचे ३०० ते ५०० बेसपेअर धरून तुकडा पीसीआरने वाढवायचा आणि टॅप स्ट्रेनमध्ये घालायचा. निवड वायपीडीवर जी४१८ च्या २०० मायक्रोग्राम प्रति मिलिलिटरने. हिस्टिडिनविरहित कृत्रिम माध्यमावर जी४१८ लावायचे असेल तर अमोनियम सल्फेट चालत नाही, त्याने जी४१८ चा परिणाम मंदावतो आणि नको त्या वसाहती वाढतात. त्याऐवजी १ ग्रॅम प्रति लिटर मोनोसोडियम ग्लुटामेट घाला. होय, चायनीजच्या गाडीवरचे अजिनोमोटो तेच. प्रयोगशाळेत मात्र शुद्ध दर्जाचेच वापरा.

दुसरा खड्डा म्हणजे उशीर. जनुक गेले तरी आधी बनलेली प्रोटिएजेस पेशीत उरतात, आणि पीआरबी१ हे व्हॅक्युओलमधले दुसरे प्रोटिएज एकदा क्रियाशील झाले की स्वतःच नव्या पीआरबी१ ला जागे करत राहते. जनुक गेल्यावरही काही पिढ्या पेशी जुन्यासारखीच वागते. ट्रान्सफॉर्मेशनच्या प्लेटवरची वसाहत थेट ६ लिटरमध्ये टाकू नका. एका वसाहतीवरून दोनदा नवी प्लेट रेघोटा, मग वापरा. खात्री हवी तर एपीएनई हे रसायन वापरून कार्बॉक्सिपेप्टिडेजची प्लेट-चाचणी करा: साध्या पेशींच्या वसाहती लाल होतात, पेप४ नसलेल्या पिवळसर राहतात.

अर्थात प्रश्नच स्लिकचा असेल तर हा स्ट्रेन वापरू नये, हे उघड आहे.

टॅग कुठे लावला, यावरही सगळे अवलंबून

बऱ्याचदा बँड हरवलेला नसतोच, जास्तीचा माल आलेला असतो. ट्रा१ ला टॅप लावला तर एनयूए४ हे दुसरे संकुल सुद्धा येते, कारण ट्रा१ दोघांतही आहे. ईएसए१ आणि ईपीएल१ दिसले की समजावे. टॅफ५, ६, ९, १०, १२ यांपैकी कुणाला लावला तर टीएफआयआयडी हे संकुल येते, कारण हे टॅफ त्यातही आहेत. एडा२ किंवा जीसीएन५ ला लावला तर एडीए हे छोटे संकुलही येते: एएचसी१ ही त्याची खूण. तिथे ॲसिटिल भागाचे बँड जाड आणि गाभ्याचे बारीक दिसतात. ‘गाभा तुटतोय’ असा निष्कर्ष काढून मीठ कमी करणे हा त्यावरचा चुकीचा उपाय. सस१ ला लावला तर सॅक३ आणि टीएचपी१ येतात, कारण सस१ ट्रेक्स-२ या संकुलातही बसते.

सागासाठी एसपीटी२० सर्वांत निर्वेध, पण त्यातून सागा आणि स्लिक दोन्ही येतात. केवळ अखंड सागा हवे असेल तर टॅप एसपीटी७ च्याच सी-टोकाला लावावा. कापलेल्या एसपीटी७ चा टॅग तुकड्याबरोबर निघून जातो, त्यामुळे स्लिक बीड्सवर चढतच नाही. उत्पन्न कमी झाले तर तेही एक मोजमापच: पेप४ ने किती खाल्ले ते कळते.

टॅग लावल्यावर प्रथिन काम करते ना, हे बघणे स्वस्त आहे आणि तरी टाळले जाते. एसपीटी२० नसलेल्या पेशी इनोसिटॉलविना वाढत नाहीत. टॅप स्ट्रेन इनोसिटॉल नसलेल्या प्लेटवर मूळ स्ट्रेनइतकाच वाढला पाहिजे.

इतर नमुने, थोडक्यात

यूबीपी८, एसजीएफ११, एसजीएफ७३ आणि सस१ चौघे एकत्र गेले तर आधी एसजीएफ७३ तपासा. या भागाला गाभ्याशी बांधणारा दोर तोच. यूबीपी८ आहे पण क्रिया नाही, अशी तक्रार असेल तर बफरमधल्या ईडीटीएकडे (धातूचे आयन बांधून ठेवणारे रसायन) बघा, कारण या भागाची घडी झिंकवर उभी आहे. क्रिया मोजायच्या नमुन्यातला ईडीटीए आणि ईजीटीए डायलिसिसने काढावा.

ट्रा१ एकटेच गेले असेल तर संकुलाआधी जेलवर संशय घ्या. ४३३ किलोडाल्टनचे प्रथिन १० टक्क्यांच्या जेलमध्ये खाचेतून बाहेरच पडत नाही. ३ ते ८ टक्क्यांचे ट्रिस-ॲसिटेट जेल वापरा, ब्लॉट करायचा तर ट्रान्सफर बफरमधले मिथेनॉल कमी करा आणि ३० व्होल्टला रात्रभर चालवा. ११ किलोडाल्टनचे सस१ आणि एसजीएफ११ याच जेलमधून खाली निसटतात, त्यांच्यासाठी १६ टक्के ट्रिस-ट्रायसिन हवे. एका जेलवर सागाचे १९ ही बँड बघण्याचा हट्ट सोडलेला बरा.

७० किलोडाल्टनच्या पट्ट्यात विशेष जपून. यीस्टची एसएसए ही हीट शॉक प्रथिने हमखास सोबत येतात आणि तिथेच बसतात. एसपीटी८ ६६ चे. सिल्व्हर स्टेनवरून ‘एसपीटी८ आले’ म्हणणारे बरेचदा एसएसएकडे बोट दाखवत असतात. खरे-खोटे ब्लॉटने किंवा मास स्पेक्ट्रोमेट्रीत एसपीटी८ आणि एसपीटी२० यांच्या गुणोत्तराने ठरते. तसेच टीईव्हीच्या बफरमध्ये डीटीटी १ मिलिमोलरच ठेवा. जास्त घातले तर आयजीजीच्या साखळ्या सुटून २५ आणि ५० ला बँड येतात, आणि ५० चा बँड जीसीएन५, एडा२, यूबीपी८ या सगळ्यांना झाकतो.

सगळेच फिकट आले तर

मग टॅगचा माग काढा. अर्क, बीड्सला न चिकटलेला भाग, टीईव्हीनंतरचे बीड्स, टीईव्हीने सुटून आलेला उतारा, दुसऱ्या टप्प्यातल्या कॅल्मोड्युलिन बीड्सना न चिकटलेला भाग आणि शेवटचा उतारा, यांचे समप्रमाणात नमुने एका ब्लॉटवर. इथे एक गाठ कायम बसते: टीईव्हीने कापल्यावर प्रोटीन ए बीड्सवरच राहतो, त्यामुळे प्रोटीन ए ओळखणाऱ्या अभिकर्मकाने पुढचे सगळे नमुने कोरे दिसतात आणि माल गेला असे वाटते. पुढच्या टप्प्यांसाठी कॅल्मोड्युलिन-बंधक पेप्टाइडविरुद्धची अँटिबॉडी लावा.

माल टीईव्हीनंतरच्या बीड्सवर अडकला असेल तर १६ अंशांना २ तास किंवा ४ अंशांना रात्रभर, अधूनमधून नळी उलटीपालटी करत, पुन्हा कापा. पेप४ असलेल्या स्ट्रेनमध्ये १६ अंशांचा मोह टाळा. माल कॅल्मोड्युलिनला चिकटत नसेल तर कॅल्शियम कमी पडले आहे: टीईव्हीच्या बफरमध्ये ०.५ मिलिमोलर ईडीटीए असते, ते कॅल्शियम गिळते. उताऱ्याच्या दर मिलिलिटरमागे १ मोलर कॅल्शियम क्लोराइडचे ३ मायक्रोलिटर घाला, आणि मग त्याच्या तिप्पट, २ मिलिमोलर कॅल्शियम असलेला बंधक बफर मिसळा. चिकटले पण उतरत नाही, अशी स्थिती असेल तर ईजीटीए २ वरून ५ मिलिमोलर करा. २००-२०० मायक्रोलिटरचे पाच-सहा वाटे काढा, माल बहुधा दुसऱ्या-तिसऱ्यात येतो. १० टक्के ग्लिसरॉलसह छोट्या वाट्यांत द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० ला ठेवा, आणि वितळलेला वाटा परत गोठवू नका.